आईच्या नजरेत मावलेले लोणार

सहलीला गेलो की आपण सगळेच फोटो काढतो. पण त्या फोटोंत जागा किती असते? पुढे नवरा-बायको, कडेवर मूल, बाजूला मेव्हणा आणि मागे कुठेतरी डोंगराचा एक तुकडा, तोही अर्धा कापलेला. आमच्या घरचे जुने फोटो सगळे असेच आहेत. त्यांत माणसे आहेत, जागा नाही. आमची आई ज्या लोणारच्या तळ्याकाठी लहानाची मोठी झाली, त्या तळ्याचा एकही फोटो आमच्या घरात नव्हता. तो काढायला आम्ही तिघे भावंडे आईला घेऊन डिसेंबर २०२३ मध्ये लोणारला गेलो. सोबत थोरलीची कॉलेजात शिकणारी लेक होती, आणि बाबांचा पन्नास वर्षांहून जुना कॅमेरा होता. त्या प्रवासाची ही हकीकत.

माळ्यावरचा डबा

आमचे बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९६९ च्या दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी 'आगफा क्लिक थ्री' हा कॅमेरा घेतला. आगफा ही जर्मन कंपनी, पण हा कॅमेरा आपल्याकडे बडोद्याला, न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात बनायचा. काळा चौकोनी डबा, पुढे एकच भिंग, खटक्याला एकच वेग. उन्हात एक खूण, ढगाळ हवेत दुसरी खूण, बस्स. सेल लागत नाही, काही बिघडण्यासारखे फारसे नाही. त्यात १२० नंबरचा रोल बसतो आणि एका रोलवर बारा चौकोनी फोटो येतात. हा रोल १९०१ साली कोडॅक कंपनीने काढला, आणि आश्चर्य म्हणजे तो आजही बनतो.

बारा म्हणजे बाराच. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल बाबा आणायचे, आणि तो सहा-सहा महिने पुरवायचे. बारसे, लग्न, शाळेचा निकाल, गावाहून आलेला पाहुणा अशा प्रसंगालाच खटका दाबला जायचा. "माणसाविना फोटो म्हणजे रोलची नासाडी," हा बाबांचा नियम होता. आम्ही त्यांना दोष देत नाही. एका फोटोचा खर्च म्हणजे घरात एका वेळची भाजी, असा तो हिशेब होता.

पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, त्यांत आमचे बाबाही. त्या दीड-दोन वर्षांत घरातली तांब्या-पितळेची भांडी गेली, बाबांचे मनगटी घड्याळ गेले. कॅमेराही विकायला काढला होता, पण तो घ्यायला कुणी तयार झाले नाही. म्हणून तो राहिला. फडक्यात बांधून माळ्यावर गेला आणि चाळीस वर्षे तिथेच पडून होता. बाबा १९९८ साली गेले. त्यांच्या हातची वस्तू म्हणून आम्ही तो टाकला नाही, इतकेच.

आईचे तळे

आईचे माहेर लोणारजवळच्या एका खेड्यातले. घरी शेत नव्हते, दुसऱ्याच्या रानात मजुरी. १९७२ च्या दुष्काळात तिने दुष्काळी कामावर खडी फोडली, आणि त्याच साली लग्न होऊन ती मुंबईला आली. लहानपणी सरपणासाठी ती मैत्रिणींबरोबर तळ्याच्या उतारावर जायची. तळ्याचे पाणी खारे, हाताला बुळबुळीत. "त्या पाण्यात फडकं धुतलं तर साबण लागत नव्हता," असे ती नेहमी सांगते. ते खोटे नाही. त्या पाण्यात सोड्यासारखा क्षार पुष्कळ आहे, आणि पूर्वी तो खार काढून विकलाही जात असे.

जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, लोणारचे पाणी गुलाबी झाल्याची बातमी टीव्हीवर आली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि त्यात खारात जगणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्म जीव माजले, असे कारण निघाले. पुढे रंग पुन्हा निवळला. पण आईला ते चित्र पटेचना. "आमचं तळं असं नव्हतं. हिरवं होतं," ती म्हणायची. तेही खरे. एरवी शेवाळामुळे ते पाणी हिरवे दिसते. पण आईचे हिरवे तळे दाखवणारा फोटो आमच्याकडे कुठे होता?

त्यातच २०२२ मध्ये आईला काचबिंदू असल्याचे कळले. या दुखण्यात डोळ्यातला दाब बहुधा वाढतो आणि आतली नस हळूहळू मरते. पुष्कळांची कडेची नजर आधी जाते, समोरचे मात्र बराच काळ दिसत राहते. त्यामुळे माणसाला उशिरा कळते. आईला वाटायचे, आपला पाय उंबऱ्याला अडखळतो तो वयामुळे. डॉक्टरांनी सांगितले, गेलेली नजर परत येणार नाही, पण रोज वेळेवर थेंब घातले तर उरलेली टिकवता येईल. आता तिला नळीतून पाहावे तसे समोरचे गोल तेवढे दिसते. म्हणून आम्ही ठरवले, लोणारला जायचे ते आताच.

मोबाईल असताना जुना डबा कशाला?

हा प्रश्न तुम्हीही विचाराल. आम्हीही भाचीला तोच विचारला. बाबांचा कॅमेरा माळ्यावरून काढला तो तिने. तिने वाचले होते की जगात कितीतरी फोटोवाले मुद्दाम असे जुने, साधे कॅमेरे घेऊन रानाचे, डोंगरांचे, रस्त्यांचे फोटो काढतात आणि त्यात नाना प्रयोग करतात. अमेरिकेत नॅन्सी रेक्सरॉथ नावाच्या बाईंनी 'डायना' नावाच्या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या कॅमेऱ्याने फोटो काढले, आणि १९७७ साली 'आयोवा' हे पुस्तक काढले. त्यातली घरे, झाडे, शेते धूसर आहेत, कडा काळवंडलेल्या आहेत. आयोवा हे त्यांच्या लहानपणच्या आठवणीतले राज्य. आठवण तशीच धूसर असते ना! दुसरे इंग्लंडचे चित्रकार डेव्हिड हॉकनी. त्यांनी १९८६ साली कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या एका रस्त्याचे शेकडो छोटे फोटो काढले, आणि ते एकमेकांवर चिकटवून एक मोठे चित्र केले. त्यांचे म्हणणे असे की, माणूस जागा एका झटक्यात पाहत नाही. मान वळवत, थांबत, पुन्हा मागे जात पाहतो. एका फोटोत ते येत नाही.

भाची म्हणाली, "आजोबांच्या कॅमेऱ्यात एक गंमत आहे. फोटो काढला की रोल पुढे सरकवायचा तो हाताने, मागच्या लाल खिडकीत नंबर बघत. आणि रोल सरकवला नाही तरी खटका दाबता येतो. म्हणजे एकावर एक फोटो घेता येतात." लहानपणी आमच्या हातून असे एकावर एक फोटो आले की बाबा रागवायचे. तीच चूक आता प्रयोग होणार होती.

फोर्टातल्या एका दुकानातून आम्ही काळ्या-पांढऱ्या फिल्मचे दोन रोल आणले. किंमत ऐकून थोरली म्हणाली, "बाबांचा नियम बरोबरच होता."

काठावर

रात्रीच्या गाडीने जालना, तिथून एस.टी.ने मंठ्यावरून लोणार. दुपारी पोचलो. गावातून काठावर आलो आणि आम्ही तिघे गप्प झालो. आईच्या तोंडून इतके ऐकूनही आम्ही ते पहिल्यांदाच पाहत होतो.

विवराची रुंदी जवळजवळ १.८ किलोमीटर. आत खोल, झाडीने भरलेले उतार, आणि तळाशी गोल पाणी. पूर्वी लोक याला ज्वालामुखीचे तोंड समजत. आता ठरले आहे की आकाशातून उल्का आदळून हा खड्डा पडला. काळ्या बेसॉल्ट दगडात पडलेले आणि इतके चांगले टिकलेले असे विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ. त्याचे वय आधी ५०,००० वर्षांच्या आसपास धरत. नंतर २०१० च्या सुमारास दगडांच्या तपासणीतून सुमारे ५,७०,००० वर्षे असे उत्तर आले. भोवतीचे रान अभयारण्य आहे, आणि २०२० साली हे सरोवर रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले.

पहिला रोल आम्ही सरळ, शहाण्यासारखा काढला. कॅमेरा पोटाशी घट्ट धरला, श्वास रोखला, बारा फोटो घेतले. आई दगडावर बसली होती. धाकट्याने विचारले, "आई, दिसतंय का गं?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दिसते, पण घासाघासानं दिसते. पाणी पाहू गेलं तर काठ जाते, काठ पाहू गेलं तर पाणी जाते. अख्खं तळं काही डोळ्यात मावत नाही रे." आणि ती मान हळूहळू वळवत राहिली. एका जागी थांबायची, मग पुढे. कधी परत मागे यायची.

त्या रात्री लॉजवर आम्ही बोलत बसलो. आम्ही बारा फोटो काढले होते, पण ते आमच्या नजरेचे होते. आई जसे पाहते तसे तळे कसे काढायचे? भाची म्हणाली, "आजी पाहते तसंच काढू. घासाघासानं."

घासाघासाने काढलेला फोटो

एका वापरलेल्या रोलचा मागचा कागद भाचीने बरोबर आणला होता. तो कॅमेऱ्यात घालून आम्ही रात्रीच मोजून पाहिले. एका फोटोपुरता रोल सरकवायला बटण सुरुवातीला साधारण दीड फेरी फिरवावे लागते. पुढे पुढे फिरकीवर कागद चढून ती जाड होते, म्हणून कमी फिरवावे लागते. आम्ही ठरवले, पूर्ण न फिरवता दोन तृतीयांशच फिरवायचे. म्हणजे प्रत्येक फोटोचा थोडा भाग पुढच्या फोटोवर चढेल, आणि सगळी मिळून एक लांब पट्टी होईल.

सकाळी ऊन तिरपे असतानाच काठावर गेलो. आईला कालच्याच दगडावर बसवले, आणि तिच्या खांद्यामागे उभे राहून कॅमेरा तिच्या नजरेच्या रेषेत धरला. आता फोटो आम्ही काढायचा नव्हता, आईने काढायचा होता.

"इथून धर," ती म्हणाली. "ते पळसाचं झाड असंल तिथं." खटका. बटण फिरवले.

"आता खाली उतर. आमची पायवाट तिकडूनच जायची." खटका.

"थांब, पाण्याकडं आत्ताच नको जाऊ. तिथं मी पडली होती, मोळीसकट." खटका.

असे आठ वेळा झाले. पाण्यावर ती तीनदा परत आली. शेवटी पलीकडचा काठ. तिथे थांबून म्हणाली, "बस. त्याच्या पल्याड आमचं गाव. ते इथून दिसत नाही, आणि दिसलं तरी तिथं आपलं असं काही राहिलं नाही." आम्ही काही बोललो नाही. खटका दाबला.

रोल थोडा उरला होता. काही साधे फोटो घेतले. शेवटचा एकावर एक काढायचे ठरले. आधी आईला झाडाच्या सावलीत दहा फूट लांब उभी केली. अंगावर गडद निळे लुगडे होते. खटका दाबला, रोल सरकवलाच नाही, आणि वळून उन्हात चकाकणाऱ्या पाण्यावर पुन्हा खटका. यामागचे कारण सोपे आहे. फिल्मवर जिथे गडद वस्तू असते, तिथे उजेड कमी पडतो आणि ती जागा कोरी राहते. दुसरा फोटो त्या कोऱ्या जागेत उमटतो.

गोधडीखाली

घरी आल्यावर रोल धुवायचे काम धाकट्याने घेतले. ही फिल्म लाल दिव्यालाही चालत नाही, पूर्ण अंधार लागतो. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पूर्ण अंधार कुठला? रात्री बारा वाजता दिवे घालवून, दोन गोधड्यांखाली शिरून त्याने चाचपडत फिल्म डब्यात भरली. मग डेव्हलपर २० अंशांवर आणायला बर्फाच्या पाण्यात ठेवले, घड्याळ लावून डबा हलवला, फिक्सर घातले, पाण्याने धुतले. फिल्म कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने टांगली.

पहिल्या रोलने आम्हाला दगा दिला. मागच्या लाल खिडकीवर चिकटपट्टी लावायला आम्ही विसरलो होतो. जुन्या फिल्मला लाल उजेडाने फारसे काही होत नसे, आजची फिल्म त्याला लगेच धरते. बारापैकी सात फोटोंवर पांढरे डाग आले. दुसऱ्या रोलच्या वेळी खिडकीवर काळी पट्टी होती, म्हणून तो वाचला.

दुसऱ्या रोलच्या निगेटिव्हवर आठ फोटोंची एक सलग पट्टी होती, फूटभराहून थोडी लांब, तीन बोटे रुंद. लाल बल्ब लावून आम्ही फोटोच्या कागदावर निगेटिव्ह ठेवली, वर काच दाबली, क्षणभर पांढरा दिवा लावला. कागद औषधात टाकला. पाण्यात हळूहळू तळे वर आले.

खरे सांगतो, पहिल्यांदा आम्हाला ते फसले असे वाटले. जिथे फोटो एकमेकांवर चढले होते तिथे पांढुरके पट्टे आले होते. झाड दोनदा, पाणी तीनदा, काठ तिरका. निगेटिव्ह तेवढीच कॉपी, म्हणून सगळे बारीक. धाकटा म्हणाला, "याची मोठी कॉपी काढून आणू. एवढ्याशा फोटोत आईला काय दिसणार?"

आईने पट्टी हातात घेतली, हात लांब केला, आणि एकदम म्हणाली, "हे बघ! दिसलं!"

आमच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. आईची मधली नजर शाबूत आहे, गेली ती कडेची. मोठे चित्र तिच्या त्या गोलात मावत नाही. पण हातभर अंतरावर धरलेली ही लहान पट्टी बरोबर मावली. जे तळे काठावर बसूनही तिच्या डोळ्यात मावत नव्हते, ते तिच्या तळहातावर मावले. ती बोट फिरवत गेली. "इथं पायवाट. इथं मी पडली. हे पाणी. परत पाणी. हा पल्याडचा काठ." पांढऱ्या पट्ट्यांचे तिला काहीच वाटले नाही. म्हणाली, "मान वळवताना मला असंच दिसते, मधी मधी गेल्यासारखं."

मोठ्या कॉपीचा विषय तिथेच संपला. "नको. ही लहानच राहू द्या. यात अख्खं तळं मावते."

मोबाईलवर भाचीने त्याच काठावरून लांबलचक फोटो घेतला होता. तो सुबक होता. मोबाईल सांधे आपणच बुजवतो. आईने तो पाहिला, छान आहे म्हणाली आणि परत दिला. आम्हाला आता कळते, तिला सांधे हवे होते. त्या सांध्यांतच ती होती.

आणि तो शेवटचा, एकावर एक काढलेला फोटो? आईचा चेहरा पुसट आला. पण लुगड्याच्या गडद जागेत, कमरेपासून खांद्यापर्यंत, लोणारचे पाणी चमकते आहे. हा फोटो आम्ही बाबांच्या फोटोशेजारी लावला. त्यात माणूसही आहे आणि जागाही आहे. बाबांचा नियम मोडला नाही, असे आई म्हणते.

तुमच्या माळ्यावर काय आहे?

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा जुना डबा पडलेला असेल. तो भंगारात देऊ नका. आधी उघडून पाहा. खटका दाबल्यावर आतली पाती हलते का, भिंगावर बुरशी आहे का, मागच्या झाकणातून उजेड शिरतो का. आत अर्धा रोल राहिला असेल तर उजेडात उघडू नका, त्यावर कुणी आपले माणूस असू शकते. रोल महाग आहे, म्हणून दोन-तीन घरांनी मिळून घ्या. लाल खिडकीवर पट्टी लावायला विसरू नका. आणि फोटो चुकला तर लगेच फाडू नका.

दुसरे एक सांगणे. घरात चाळिशीच्या पुढचे जे कोणी असतील, त्यांच्या डोळ्यांचा दाब तपासून घ्या. सरकारी दवाखान्यातही डोळ्यांचा विभाग असतो. काचबिंदू बहुधा दुखत नाही, म्हणून तो कळत नाही. आमच्या आईला दोन-चार वर्षे आधी नेले असते तर कदाचित तिला काठावर बसून अख्खे तळे दिसले असते, ही रुखरुख आम्हाला आहे.

पट्टी आता आईच्या उशाशी, औषधाच्या थेंबांच्या बाटलीशेजारी असते. रात्री थेंब घालायच्या आधी ती एकदा हात लांब करून पाहते. मग डोळे मिटते, आणि आम्ही थेंब घालतो.